दारव्हा ते सॅन फ्रान्सिस्को: आईला नेमकं किती लांब सांगू?

बंडीवाला

राम राम मंडळी. प्रश्न थोडा येडपट वाटंल, पण घरात आठ दिवसांपासून यावरच वाद सुरू आहे.

माझी बहीण सॅन फ्रान्सिस्कोच्या जवळ राहते. फेब्रुवारीत बाळंतपण आहे. आई जानेवारीत जाणार, एकटी. वय ६३. आजवर शेगाव, पंढरपूर आणि एकदा तिरुपती, याच्यापलीकडं गेलेली नाही. विमानात पाय ठेवलेला नाही. तिनं मला साधा प्रश्न विचारला, "किती लांब हाये रे थे?" आणि माझ्याकडं तीन उत्तरं निघाली.

मोबाइलवर दोन शहरांतलं हवाई अंतर काढलं तर नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को १३,१०० किलोमीटर. यवतमाळच्या तिकीटवाल्यानं सांगितलं, तुमचं दोहामार्गे आहे, पावणेसोळा-सोळा हजार धरा. आणि तिकिटावर नागपूरहून सुटायची वेळ बुधवारी पहाटे ३.४५, पोहोचायची वेळ बुधवारी दुपारी १.१०. बाबांनी लगेच वजाबाकी केली. "साडेनऊ तास! लेका, नागपूर-पुणे ट्रॅव्हल्स याच्यापेक्षा जास्त घेते. उगाच भेव दाखवून राह्यला तू तिले."

मी म्हटलं, बाबा, थे तिथलं घड्याळ आहे. ते म्हणाले, घड्याळ घड्याळ असते.

तर आईला काय सांगू?

सांबारवडी

आधी अभिनंदन भाऊ, मामा होणार! आईंना म्हणा डिंकाचे लाडू हातातल्या पिशवीत ठेवू नका, मोठ्या बॅगेत टाका. बाकी अंतराचं जाणकार सांगतील. मी गडचिरोलीच्या पुढं गेलेली नाही.

फ्रिमाँटकर

मूळ अकोला, बारा वर्षांपासून इकडं. बाबांची वजाबाकी चुकलेली नाही, फक्त दोन वेगवेगळ्या घड्याळांची केली आहे. कॅलिफोर्निया हिवाळ्यात भारताच्या साडेतेरा तास मागं असतो. म्हणजे इथं बुधवारी दुपारी १.१० वाजतात तेव्हा दारव्ह्यात गुरुवारचे पहाटेचे २.४० झालेले असतात. आता करा वजाबाकी: बुधवार पहाटे ३.४५ ते गुरुवार पहाटे २.४०. जवळजवळ २३ तास.

आणखी एक. मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढं करतात. मग फरक साडेबाराच तासांचा राहतो, थेट नोव्हेंबरपर्यंत. आई तेव्हा इथंच असतील. बाबा फोन करतील तर "काल तर या वेळेला उचलला होता" असं होणार. आत्ताच सांगून ठेवा.

झेडपी गुरुजी

फार चांगला धागा. अंतराचं मी बघतो.

आमच्या शाळेत पृथ्वीचा एक गोल आहे. परवा सातवीच्या पोरांना घेऊन त्याचा विषुववृत्तावरचा घेर मोजला, बरोबर १०० सेंमी भरला. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एक सेंमीला ४०० किलोमीटर. मग शिवणाचा दोरा घेतला, एक टोक नागपूरवर आणि दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरून ताणला. ३३ सेंमी. गुणाकार केला तर १३,२००. मोबाइलचे १३,१०० आणि आमचा दोऱ्याचा हिशोब यात शंभरचाच फरक, तोही पोराच्या अंगठ्याच्या जाडीचा.

पण खरी गंमत वेगळी झाली. दोरा ताणायच्या आधी मी पोरांना विचारलं, अमेरिका कुठल्या दिशेला? अर्ध्यांनी पश्चिमेला हात केला, कारण भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडं असते. दोघं-तिघं म्हणाले, पायाखाली. दोरा ताणल्यावर तो नागपूरहून निघाला थेट उत्तरेला, जरा उजवीकडं झुकून. तिबेट, मंगोलिया, सायबेरिया, तिथून आर्क्टिकच्या काठानं अलास्का आणि मग खाली कॅलिफोर्निया. म्हणजे रात्री अंगणात उभं राहून ध्रुवताऱ्याकडं तोंड करा आणि थोडं उजवीकडं वळा. बंडीवाला, तुमची बहीण त्या दिशेला आहे.

पायाखालीही अमेरिका नाही बरं का. नागपुरात सरळ खाली भोक पाडत गेलो तर पलीकडं प्रशांत महासागरात निघू. जवळात जवळची वस्ती म्हणजे ईस्टर बेट, तेही हजारेक किलोमीटर दूर.

पराटी

गुरुजी, मस्त. पण मग दोहा कुठून आलं मधात? दोहा तर पश्चिमेला. उत्तरेला जायचं तर पश्चिमेला काहून चालले?

अन आमच्या पानठेल्यावर आबांनी एक प्रश्न टाकला आहे, उत्तर कोणाकडंच नव्हतं. पृथ्वी फिरते ना? मग विमान नुसतं वर जाऊन थांबलं, तर खालून अमेरिका आपोआप येईल. तेल कायले जाळता?

झेडपी गुरुजी

आबांना विचारा, एसटीत बसल्यावर माशी गाडीत उडत असते. एसटी साठच्या वेगानं जाते, माशी मागच्या काचेवर जाऊन आपटते का? नाही, कारण गाडीतली हवासुद्धा गाडीबरोबरच जात असते. पृथ्वीचंही तसंच. आपल्या विदर्भाची जमीन ताशी साडेपंधराशे किलोमीटरनं पूर्वेला फिरते आहे आणि वरची हवा तिच्याबरोबर. विमान वर गेलं तरी त्या गाडीतलीच माशी.

दोहाचं मला नाही सांगता येणार.

टॉवरवाला

निवृत्त आहे. नोकरी विमानांची वाट बघण्यात आणि त्यांना वाट देण्यात गेली, म्हणून हे माझ्या वाटणीचं.

दोऱ्याची रेघ सगळ्यात कमी अंतराची, हे शंभर टक्के खरं. पण त्या रेघेवरून विमान चालत नाही, आणि कारणं एकापेक्षा जास्त आहेत.

पहिलं कारण तिबेट. तिथली जमीनच सरासरी साडेचार हजार मीटर उंच. विमानात काही बिघाड होऊन आतला हवेचा दाब गेला, तर वैमानिकाला लवकरात लवकर तीन हजार मीटरच्या आसपास खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या तोंडावर जे मास्क पडतात त्यातला प्राणवायू काही मिनिटांपुरताच असतो. तिबेटवर तीन हजार मीटर म्हणजे डोंगराच्या पोटात. म्हणून लांबची विमानं त्या पठाराला वळसा घालतात.

दुसरं कारण शेजारी. पाकिस्ताननं एप्रिल २०२५ मध्ये आपल्या कंपन्यांच्या विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वाटेत युरोपात उतरून तेल घ्यावं लागलं. रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपी कंपन्यांना २०२२ पासून बंद. म्हणजे एकाच दोन शहरांमधलं अंतर, विमान कोणत्या देशाचं आहे यावरसुद्धा ठरतं.

आणि तिसरं, मला सगळ्यात आवडणारं कारण, वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं वाऱ्याची नदी वाहते, हिवाळ्यात तर फार जोरात. एअर इंडियानं डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट विमान सुरू केलं तेव्हा ते अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी रस्ता उलटा केला. चीन, जपान, प्रशांत महासागर असं पूर्वेकडून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३००, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. आणि वेळ? दोन तास कमी! साडेचौदा तासांत पोहोचलं. पाठीवर वारा. भागाकार करून पाहा, ताशी हजाराच्या वर सरासरी येते. परत येतानाही ते पूर्वेकडंच निघून अटलांटिकवरून दिल्लीला यायचं, म्हणजे जाऊन येऊन पृथ्वीप्रदक्षिणा. तेव्हा अंतर जास्त म्हणजे वेळ जास्त, हे आधी डोक्यातून काढा.

आता दोहा. मी मोजून पाहिलं. नागपूर ते दिल्ली साधारण ८५५ किलोमीटर, दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को १२,३८०. बेरीज १३,२३५. नागपूरहून थेट रेघेपेक्षा फक्त १३५ नं जास्त, कारण दिल्ली त्या दोऱ्यापासून फार लांब नाही. नागपूर ते दोहा २,८४० आणि दोहा ते सॅन फ्रान्सिस्को १३,०००. बेरीज १५,८४०. तिकीटवाला बरोबर बोलला.

कागदावर दिल्ली जिंकली. पण कागदावरच, कारण वरचे वळसे मी त्यात धरलेले नाहीत.

बंडीवाला

बाप रे, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. दोहा घेतलं त्याचं कारण अंतर नाहीच. आईचं पासपोर्टवर शिक्का मारायचं काम नागपुरातच होते, तिथपर्यंत आम्ही सोबत, अन खिडकीवरच्या माणसाशी ती हिंदी-मराठीत बोलू शकते. बॅगही नागपूरला दिली की तिकडंच घ्यायची. दिल्लीत एकटी या गेटवरून त्या गेटवर फिरंल, तिथं पुन्हा रांग, याचंच आम्हाला भेव.

संत्राबर्फी

योग्य केलंत. आणि व्हीलचेअर सांगून ठेवा, आईंना चालता येत असलं तरी. ती पायांसाठी नाही, वाट दाखवणारा माणूस मिळतो म्हणून.

आमच्या घरचं सांगते. माझे सासरे मागं परदेशी निघाले. मधल्या विमानतळावर चार तास थांबायचं होतं. हातातलं घड्याळ भारताचंच राहिलं, आणि बोर्डिंग पासवरची वेळ तिथली. त्यांच्या हिशोबानं गेट बंद व्हायला अजून बराच वेळ होता, तर मग वाढीव वेळेत त्यांनी काय केलं? प्रार्थनेच्या खोलीशेजारी शांत जागा बघून डुलकी काढली. वास्तविक भारताचं घड्याळ पुढं असतं, म्हणजे त्यांना उलट घाई वाटायला हवी होती. पण त्यांनी अडीच तास एकदा वजा करायच्या जागी दोनदा वजा केले होते. विमान गेलं. पुढचं दुसऱ्या दिवशी. चूक कोणाची नव्हती, पण सासूबाई अजून ऐकवतात.

तेव्हा आईंना घड्याळच देऊ नका. मोबाइल आपोआप बदलतो. नाहीतर चिठ्ठीवर लिहून द्या, "दोह्याला उतरल्यावर भिंतीवरचं घड्याळ खरं."

फ्रिमाँटकर

+१. आणि बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. "सकाळची गोळी" कोणत्या सकाळी घ्यायची हे आधीच डॉक्टरांना विचारून घ्या. मधात उठून चालायचं, पाणी प्यायचं. सोळा तास मांडी घालून बसणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, उतरताना पाय चपलेत जात नाहीत.

पराटी

आबा माशीवर खूश. आता विचारतात, सोळा तासाला तेल किती लागत असंल?

टॉवरवाला

शंभर टनांच्या आसपास, विमानाप्रमाणे थोडं कमी-जास्त. आणि त्यातलं बरंचसं तेल बाकीचं तेल वाहून न्यायलाच जळतं. लांबच्या प्रवासाची हीच अडचण आहे. जगातलं सगळ्यात लांबचं, मधात न थांबता नेमानं जाणारं विमान सिंगापूर–न्यूयॉर्क, सुमारे १५,३०० किलोमीटर, अठरा तासांच्या वर. पृथ्वीवर दोन ठिकाणं जास्तीत जास्त वीस हजार किलोमीटर लांब असू शकतात. त्याच्यापुढं गेलं की जवळ यायला लागतो माणूस.

आबांना हेही सांगा, की वावरात काम करताना वर जी पांढरी रेघ दिसते ती त्या विमानांतलीच एखादी. नागपूरच्या डोक्यावरून फार वाहतूक जाते. आपल्याकडं उतरत नाहीत, पण रोज दर्शन देतात.

डाकघर

विषयाला थोडं सोडून, पण नागपूर आणि विमान म्हटलं की राहवत नाही. माझे आजोबा टपाल खात्यात होते. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई डाक सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चार दिशांहून चार विमानं संध्याकाळनंतर निघायची आणि मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची. टपालाच्या थैल्या एकमेकांत बदलायच्या आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. नागपूर मधोमध म्हणून. आजोबा म्हणायचे, अख्खा देश झोपला की नागपूर जागं.

दोहा आज जे करतं ते आपण पंच्याहत्तर वर्षांपूर्वी करत होतो. फक्त माणसांच्या जागी पत्रं.

सांबारवडी

काय सुरेख! आणि याच नागपूरच्या पलीकडं आमची शकुंतला आगगाडी, मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटरला चार तास. खाली उतरून बोरं तोडून परत चढता यायचं.

बंडीवाला

शकुंतला यवतमाळलाही यायची ना, दारव्ह्यावरून. बाबा तिच्यातच वाढले. त्यांची अंतराची समज तिथलीच आहे, "किती किलोमीटर" कधी विचारत नाहीत, "किती वेळ" विचारतात.

तर काल बाबांना वही घेऊन बसवलं. फ्रिमाँटकरांनी सांगितलं तसं सगळं भारताच्या घड्याळात लिहिलं. मंगळवारी दुपारी ३ ला घरून निघणार, गाडीनं नागपूर चार तास. नागपूरला मावशीकडं जेवण, थोडी आडवी होईल. मध्यरात्री विमानतळ. बुधवारी पहाटे ३.४५ ला उडणार. दोह्याला सव्वाचार तास. तिथं अडीच-पावणेतीन तास थांबा. मग सोळा तास. गुरुवारी पहाटे २.४० ला तिकडं टेकणार. शिक्के, बॅगा, रांग दीड तास. बहिणीच्या घरी गाडीनं एक तास. गुरुवारी पहाटे ५.१० ला दारात.

घरून निघाल्यापासून ३८ तास. त्यात आकाशात २०.

बाबा वहीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे अर्धा वेळ तर जमिनीवरच जाते!" अन आईनं विचारलं, "अन तिथल्या घड्याळात?" मी सांगितलं, तिथं बुधवारची दुपार, पावणेचार. ती म्हणाली, "मंगळवारी तीनले निघाली, बुधवारी पावणेचारले पोचली. पंढरपूरलेही एवढंच लागते."

मी गप्प बसलो.

झेडपी गुरुजी

त्यांचं बरोबर आहे, कॅलेंडरच्या हिशोबानं २४ तास ४० मिनिटं. त्यांना ते तसंच धरू द्या. आणि खिडकीची जागा मिळाली तर एक गोष्ट बघायला सांगा. टॉवरवाल्यांनी दिलेल्या दोहा–सॅन फ्रान्सिस्को अंतराचा दोरा मी ताणून पाहिला. ती रेघ उत्तर ध्रुवाच्या पाचशे-साडेपाचशे किलोमीटर जवळून जाते. विमान अगदी त्याच रेघेवर जाणार नाही हे समजलं, पण उत्तरेकडं बरंच चढणारच. जानेवारीत तिथं सूर्य उगवतच नाही. सकाळी निघालेल्या माणसाला भर दिवसा रात्र दिसंल.

टॉवरवाला

आणि मग खाली येताना परत सकाळ. गुरुजी, तुम्ही खात्यात यायला हवं होतं.

बंडीवाला

*(तीन आठवड्यांनंतर)*

आई पोहोचली! उशिरानं लिहितोय, माफ करा, तुरीची मळणी चालू होती.

सगळं ठीक झालं. दोह्याला व्हीलचेअरवाला केरळचा पोरगा निघाला, हिंदी बोलला, तिला चहा पाजला. घरून निघून बहिणीच्या दारात पोहोचेपर्यंत ३९ तास लागले, कारण तिकडच्या रांगेनं अडीच तास खाल्ले. म्हणजे चुकलं ते फक्त जमिनीवरचं. विमान पाच मिनिटं लवकरच टेकलं होतं.

खिडकी मिळाली नाही, पण शेजारच्या बाईनं पडदा वर केला तेव्हा वाकून पाहिलं म्हणते. फोनवर म्हणाली, "दिवस बुडाला, अंधार झाला, मले वाटलं झालं, आता उतरायचं. तं पुन्हा उजाडलं! बुधवार काही सरेच ना." पुढचे चार दिवस मात्र ती रात्री दोनला उठून भांडी घासत होती. बहीण वैतागली.

फ्रिमाँटकर

हाहा, सगळ्यांच्या आया तेच करतात. सकाळी उन्हात अर्धा तास फिरवा, दुपारी झोपू देऊ नका. साधारण दिवसाला एक तास सरकतं, दीड-दोन आठवडे धरा.

सांबारवडी

आणि बाळ??

बंडीवाला

*(आणखी काही दिवसांनी)*

भाची झाली! दोघी छान आहेत. रविवारी संध्याकाळी ६.४० ला, तिथल्या वेळेनं.

पण आता घरात नवा वाद. त्या क्षणी आपल्याकडं सोमवारी सकाळचे ८.१० झाले होते. बाबा गावभर पेढे वाटताना सांगत सुटले, सोमवारी झाली, महादेवाचा वार. आई तिकडून म्हणते, रविवारी झाली, मी दवाखान्यात बसली होती, मले विचारा. गुरुजी, पत्रिकेला कोणता वार धरायचा?

झेडपी गुरुजी

अभिनंदन मामा! पत्रिकेला जिथं जन्म झाला तिथली वेळ आणि तिथलं ठिकाण. म्हणजे रविवार. आपला वार सूर्योदयापासून धरतात, आणि तिथला सोमवारचा सूर्य अजून उगवायचा होता. तिथीचं वेगळं. ती चंद्र-सूर्यामधल्या कोनावर ठरते, तेव्हा जन्माच्या त्या क्षणी चालू असलेली तिथी दारव्ह्यात आणि कॅलिफोर्नियात एकच होती. फक्त पत्रिका करणाऱ्याला आपली वेळ सांगून तिथलं गाव सांगू नका. तसं केलंत तर लग्नरास पार चुकंल.

पराटी

आबा म्हणतात, मुलगी एक अन वार दोन, नशीबवान आहे. पेढे पाठवा.

बंडीवाला

बाबांना गुरुजींचं वाचून दाखवलं. ऐकून घेतलं. मग त्या प्रवासाच्या वहीतच, आईच्या ३८ तासांच्या खाली, स्वतःच्या हातानं लिहिलं: रविवार सायंकाळ ६.४०. अन त्याच्या बाजूला कंसात: आपल्याकडं सोमवार.